रुमालाखालचा भाव

उदगीरच्या स्टँडवर मुखेडच्या गाडीची वाट बघत बसलेल्या किशनरावांच्या कानावर पाठीला पाठ लावून असलेल्या मागच्या बाकावरचं बोलणं पडलं. डाळमिलवाला बाप होता आणि शेजारी त्याची लेक.

"अप्पा, आपल्या तूरडाळीचा भाव मोबाईलवर टाकू. सगळ्यांला दिसंल."

"म्हणूनच नको. शेजारचा मिलवाला बघंल अन् लगेच भावात खाली उतरंल."

"उतरू द्या. आपली डाळ बिनपॉलिशची हाय, तसं लिहू."

"लिहिलेलं खरं कोण मानतंय? मी तरी मानतो का?"

"पुण्याच्या एका दुकानदारीणबाईनं मानलं. परवा मीच फोटो टाकला होता."

"मला न इचारता? भाव काय सांगितलास?"

"किलोला..."

"गप! मागं कुणीतरी कान देऊन बसलंय."

किशनरावांनी घाईघाईनं समोरच्या पाटीवर नजर लावली.

"हात आण इकडं, रुमालाखाली. अडतीवर करतेत तशी बोटं दाबून भाव सांग."

मागं रुमालाची सळसळ झाली.

"एवढा? खोटं तर न्हाई?"

"पुन्हा दाबू का?"

"नको. त्या शेजारच्या मिलवाल्याला येतंय का गं हे मोबाईलवर टाकायला?"

"त्याचंच बघून तर मी शिकले, अप्पा."