आमच्या घरातली लोकशाही

लोकशाहीच्या गप्पा माझ्यासमोर मारू नका गा! कोराडीच्या वीजघरात मशीन बसवायले चेकोस्लोव्हाकियाचा एक इंजिनिअर आला होता, मोडकीतोडकी हिंदी बोलणारा. त्याले मी नंदनवन वस्तीतल्या माझ्या घरी जेवायले आणलं. पाटावर बसल्याबरोबर मी सुरू झालो, "आपके यहाँ एकही पार्टी. हमारे यहाँ जिसको जो लगता, उधर शिक्का मारता!"

त्यानं विचारलं, "भाभी किसको वोट देती?"

"मैं बोलूँ उसको," मी छाती फुगवून म्हटलं. "मतदान के दिन मैं उसके हाथ पे कुंकू से पार्टी की निशाणी निकालके देता. माँ के भी."

तो हसला. "फिर तो हमारे जैसाच हुआ!"

तेवढ्यात पोळी वाढता वाढता बायको मले म्हणाली, "पाहुण्याले खोटं काहून सांगता? रांगेतच मी ते पदराले पुसते. पंधरा वर्षं झाली, मी दुसऱ्यालेच मत देऊन राहिली."

माझा घास हातातच राहिला. मी आईकडं पाहिलं.

आई म्हणाली, "माह्याकडं काय पाहून राहिला? तिले पुसायले मीच शिकवलं."