खाट गेली सणसवाडीला

अहो, मला एक सांगा, पोरगी पहिल्या बाळंतपणाला कुठं जाते? माहेरी ना? मग जे चुलीपुढच्या बाईला कळतं, ते सरकारच्या त्या एवढ्या मोठ्या कॉम्प्युटरला कळू नये? आणि त्याला म्हणे सगळ्या जिल्ह्याची माहिती! कुणाला खोकला, कुणाची साखर वाढली, कोण कितव्या महिन्यात... वरून सगळं दिसतं म्हणे!

डोंबल दिसतं!

आमच्या शेजारच्या मालनबाईंचंच ऐका. राहू गावाच्या पुढं आमची दगडोबाची वाडी, भाजीपाल्याची, शेवंतीची. मालनबाईंनी आपली करिश्मा दिली सणसवाडीला. जावई ज्ञानेश तिथं कंपनीत, भाड्याच्या एका खोलीत संसार. पोरीला दिवस गेले, तर सरकारात नाव कुठं लागलं? सणसवाडीला, कारण खोली तिथं. आणि ओटी भरल्यावर पोरगी आली कुठं? वाडीला, कारण आई इथं! यात न कळण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा. आमच्या वाडीच्या कितीतरी पोरी तिकडं दिल्यात, सगळ्या पोट घेऊन येतात आणि लेकरू घेऊन जातात. त्यांच्यासाठीच तर आमच्या उपकेंद्रात बाळंतपणाची खाट होती, एका पायाखाली वीट लावलेली, आणि रश्मी सिस्टर होत्या. करिश्मा पहिल्यापासून भित्री. "आये, सिस्टर जवळ असल्या तर मी भ्यायची न्हाई," हे पोरगी रोज एकदा म्हणायची, आणि मालनबाई म्हणायच्या, "अगं, चार घरं सोडून तर हाईत त्या, कुठं जात्यात?"

कुठं जात्यात! आला की हो तो आरोग्य खात्याचा साहेब. अंगाला अत्तर, हातात टॅब. उपकेंद्राच्या ओट्यावर टेकला, आमचं पाणी नको, स्वतःच्या बाटलीतलं प्यायला आणि म्हणाला, "मावशी, ही खाट सणसवाडीला शिफ्ट होणार. सिस्टरपण."

"का वो?"

"डेटा बघा ना! लाल ठिपका म्हणजे गरोदर बाई. सणसवाडीत बघा किती लाल आहे. आणि तुमच्या वाडीत? एक तरी आहे का?"

आणि समोर करिश्मा उभी! नववा महिना, पोट हे एवढं, चौकट धरून उभी...

"मग ही काय हाय?" मालनबाई म्हणाल्या.

साहेबानं करिश्माकडं पाहिलं, टॅबकडं पाहिलं, परत करिश्माकडं पाहिलं आणि म्हणाला, "ह्या सणसवाडीत आहेत."

ऐकलंत? नाकासमोर उभी असलेली बाई सणसवाडीत! मालनबाईंनी विचारलं, "आन् इथं एवढी लेकरं जल्मली, ती?" तर हसून म्हणतो कसा, "तीच तर गंमत आहे, मावशी! इथं गरोदर कुणीच नाही आणि जन्म मात्र होतायत. असं कसं होईल? सिस्टीमनं ते सगळे चूक म्हणून काढून टाकले."

काढून टाकले! ज्यांच्या बारशाच्या घुगऱ्या आम्ही खाल्ल्या, जी आत्ता ओट्याखाली चिखलात लोळत होती, ती हाडामांसाची लेकरं, चूक! आणि ही सिस्टीम आता ठरवणार खाट कुठं, औषध कुठं, सिस्टर कुठं... मालनबाईंनी हात जोडले, "दादा, हिचं तेवढं होऊ द्या, मंग न्या." तर म्हणे, "धोरण एका पेशंटवर ठरत नसतं, मावशी." शब्दाशब्दाला मावशी! जाता जाता म्हणाला, "बाळाचा वजनकाटा ठेवलाय हं तुमच्याकडं." काय उपकार!

खाट गेली. सिस्टर डोळे पुसत गेल्या. करिश्मानं जेवण टाकलं. वरून सगळं दिसतं म्हणे, पण त्या पोरीचं सुकलेलं तोंड तेवढं नाही दिसलं कुणाला!

मग एका भर दुपारी पोरीला कळा सुरू झाल्या. मालनबाईंनी अँब्युलन्सला फोन लावला, तर तिकडून गोड आवाजात बाई म्हणते, "काळजी करू नका, पेशंटच्या नोंदीतल्या पत्त्यावर गाडी पाठवलेली आहे." कुठल्या पत्त्यावर? सणसवाडीच्या! कुलूप लावलेल्या खोलीपुढं गाडी सायरन वाजवत उभी, आणि पोरगी इथं वाडीत ओरडतेय!

करिश्माचं एकच, "आये, सिस्टरांकडं ने... मला दुसरीकडं न्हाई जायचं." शेवटी शेजारचा नवनाथ धावला. त्याची पिकअप शेवंतीनं भरलेली, फुलं उतरवायला सवड कुठली! तशीच पोरीला फुलांत निजवली आणि निघाले. रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या, बाजूला व्हायचं नाव नाही. मालनबाई मागून ओरडतायत, "हळू रं मुडद्या, पोरगी हाय का पोतं?" आणि लगेच, "आरं, पळव की, झोपला का?" नवनाथ बिचारा रडकुंडीला, "काकू, एक कायतरी सांगा!"

सणसवाडीच्या दवाखान्यात पोचले कसेबसे. आत बघतात तर आमची खाट भिंतीला, वरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही, आणि रश्मी सिस्टर एकट्या बसलेल्या.

"सिस्टर, रिकाम्याच व्हय?"

"काय करू, मालनबाई? इथल्या सगळ्याजणी माहेरी गेल्यात!"

पण त्यांना बघून पोरगी जी शांत झाली... सिस्टरांनी प्लॅस्टिक ओढून काढलं, नवनाथानं बाहेरून वीट आणून पायाखाली सारली, आणि दिवे लागायच्या आत लेक झाली. केसांत शेवंतीच्या पाकळ्या घेऊन आई निजली, मालनबाईंच्या जीवात जीव आला.

तेवढ्यात साहेब हजर! "बघा मावशी! खाट हलवली आणि लगेच रिझल्ट!"

"आवो, वाडीवरनं आणलीया तिला! फुलांच्या गाडीत!"

"पण जन्म इथंच झाला ना?" असं म्हणून त्यानं टॅबवर बोट टेकवलं, सणसवाडीवर उमटला हिरवा ठिपका, हिरवा म्हणजे बाळ. वरून सगळं दिसतं म्हणे... दिसू दे बाबा! मालनबाई पदरानं नातीचं तोंड पुसत एवढंच म्हणाल्या, "असू दे. घरी नेऊ हिला. वजन करायला काटा तरी हाय वाडीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत टेम्पो आला आणि वजनकाटा घेऊन सणसवाडीला गेला.