चारी बाजूंनी पाणी

नाही, पण तुम्ही मला एक सांगा, मुलगा आपण होऊन, कोणी मागितलं नसताना, बापाला विमानात घालून बालीला का नेईल? उज्जैनला नेलं असतं तर समजलो असतो. नाशिकला नेलं असतं तरी समजलो असतो. बाली. समुद्रातलं बेट. आणि बेट तरी कसलं, आगीचा डोंगर फुटला, त्याने जे ओकलं ते थंड झालं, त्यावर झाडं उगवली, झाडांत हॉटेल बांधलं, आणि त्या हॉटेलात आमच्या राघवने दोन खोल्या घेतल्या. एक त्याची आणि सुनेची, एक माझी आणि दुर्गाची, म्हणजे आमच्या हिची. मी विचारलं, कशासाठी? तर म्हणाला, "असंच आबा. डोंगर आहेत, समुद्र आहे, तिथली कला बघण्यासारखी आहे." असंच. तुम्हाला सांगतो, विम्याच्या कंपनीत काम करणारा माणूस 'असंच' काही करत नाही.

मी काही बोललो नाही. ध्यानात ठेवलं.

मी कान्होजी. ग्वाल्हेरला टोपी बाजारात आमचं दुकान आहे, सात फूट रुंद, नऊ फूट खोल, तीन पिढ्यांचं. शिंदेशाही पगडी बांधतो. पणजोबा फौजेत होते. तलवार गेली, पगडी राहिली. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यातली तिसरी दोनदा. पण माणूस दुकानाची पायरी चढेपर्यंत त्याच्या डोक्याचा घेर मी सांगतो, आणि डोक्याच्या आत काय आहे तेही. राघवच्या डोक्यात काय होतं ते मला वर्षभर दिसत होतं. दोनदा विचारलं त्याने, "आबा, दुकानाचं पुढे काय करायचं?" दोन्ही वेळा मी उठून बाहेर गेलो. दुकानाचं काय करायचं म्हणजे काय? सकाळी उघडायचं, संध्याकाळी बंद करायचं. याहून वेगळं एकच करता येतं दुकानाचं. विकता येतं. आणि मोबाइलची कव्हरं विकणारे टोपी बाजारात कसे दबा धरून बसलेत ते तुम्ही येऊन बघा.

शेजारी दौलतसिंह. बांगड्या, टिकल्या, लेस. त्याचं दुकान माझ्याहून अरुंद, आणि चाळीस वर्षं तो माझ्या भिंतीकडे भुकेल्या माणसाने ताटाकडे बघावं तसा बघतो. निघायच्या आदल्या दिवशी गोड आवाजात म्हणतो, "दादासाहेब, बाहर जा रहे हो... चाबी किसके पास छोड़ी?"

चावी मी करगोट्याला बांधली. पाच दिवसांचा प्रश्न होता. बापाला बेटावर ठेवायचं, मागे दुकान दाखवायचं, सौदा करायचा. साधा हिशेब आहे.

दिल्लीला विमानतळावर ते तपासणीचं दार वाजलं. मला मागे घेतलं, पुन्हा पुढे घेतलं, पुन्हा वाजलं. तो वर्दीवाला पोरगा म्हणाला, "बाबा, कमर में क्या है?" मी म्हटलं, दुकान. दुर्गाने कपाळाला हात लावला. मग माझ्या पगडीचा डबा. मी माझी पगडी घरी ठेवून जात नाही. तर म्हणे, "इसमें क्या है?" मी म्हटलं, इज्जत. तो म्हणाला, "ठीक है, मशीन में डाल दो." घातली. कोणाच्या तरी बुटांच्या मागोमाग माझी इज्जत त्या काळ्या पट्ट्यावरून आत गेली आणि पलीकडून बाहेर आली.

बालीला उतरलो तर ड्रायव्हर हात जोडून उभा. नाव काय? वायान. बरं. हॉटेलात सामान उचलायला आला त्याचं नाव काय? वायान. सकाळी चहा आणणारा? वायान. आता तुम्ही सांगा, एका हॉटेलात तीन वायान? मी राघवला बाजूला घेतलं, म्हटलं, ही टोळी आहे, खरी नावं लपवतायत. राघव हसला. म्हणाला, "आबा, इथे पहिल्या मुलाचं नाव वायानच ठेवतात खूप घरांत." असेल. पण मग आई हाक मारते तेव्हा गल्लीतले किती धावत येतात?

दुसऱ्या दिवशी डोंगर दाखवायला नेलं. आगीचा. समोर तळं, तळ्याच्या काठाने सगळा काळा दगड, लाव्हा म्हणे, कधीतरी वाहत आला आणि गोठला. आणि बरोब्बर त्याच्यासमोर लोक खुर्च्या मांडून अंडी खातायत. सूनबाई गरिमा, ती झाशीची, हिंदीच बोलते, ती म्हणाली, "आबा, कितना सुंदर है ना?" सुंदर आहे, मी कुठे नाही म्हणतो. पण आमचा किल्लाही डोंगरावर आहे. इतकी राज्यं आली आणि गेली, त्याने कधी धूर नाही सोडला. मी ड्रायव्हर वायानला विचारलं, हा पुन्हा कधी फुटणार? गरिमाने इंग्रजीत सांगितलं. तो गोड हसून म्हणाला, कोणाला माहीत. हे गोड हसणं मला कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं. राघव असाच हसत होता, तिकिटं दाखवताना.

मग समुद्र, हॉटेलच्या मागेच. वाळू काळी. कढईत रवा करपावा तशी काळी. दुर्गा साडी खोचून पाण्यात उभी, पंचेचाळीस वर्षांत मी तिला इतकं खूश पाहिलं नाही, आणि ओरडतेय, "अहो, या ना, पाय तरी भिजवा." मी म्हटलं, मी चावीला पाणी लागू देत नाही. गंजते.

त्याच संध्याकाळी ते झालं. आमच्या खोल्यांना समाईक गॅलरी होती. मी पडद्याच्या अलीकडे पगडी पुसत बसलो होतो, पलीकडे राघव फोनवर. "हाँ भैया, नाप ले लो... सात बाई नौ है... ताला तो बंद रहेगा, बाहर से ही ले लो. सामने पूरा काँच लगेगा. और सुनो, आबा को भनक नहीं लगनी चाहिए."

सात बाय नऊ.

तुम्हाला सांगतो, माझ्या हातातली पगडी मी हळूच डब्यात ठेवली, डबा बंद केला. पण या वेळी गप्प बसून राहिलो असतो तर पणजोबा वरून थुंकले असते माझ्यावर. बाहेर आलो. गरिमाला म्हटलं, दौलतसिंहला फोन लावून दे, खुशाली विचारायची आहे. ती बिचारी खूश, "आबा को घर की याद आ रही है." व्हिडिओ लावून दिला. तो घेऊन मी काळ्या वाळूवर लांब गेलो.

दौलतसिंह लबाड आहे. पण त्याची लबाडी चाळीस वर्षं ओळखीची आहे. काचवाला कोण कुठला? मी विचार केला, विकायला जागाच उरली नाही तर राघव विकेल काय? म्हटलं, दौलतसिंह, माझं कुलूप तोड. तो म्हणाला, "क्या तोड़ूँ?" कुलूप. तुझा माल भर. कोणी माप घ्यायला आला तर हाकल. तो एकदम गंभीर होऊन म्हणतो, "दादासाहेब, बाद में झगड़ा तो नहीं होगा? राघव भैया बोले तो?" मी म्हटलं, राघव कोण? दुकान तुझं. "ज़बान दे रहे हो?" आता टोपी बाजारात कागद फाटतात, जबान फाटत नाही. त्यातून मराठ्याची. म्हटलं, दिली.

त्या रात्री मी बेटावर पहिल्यांदा पोटभर जेवलो.

सकाळी कला. एका गावात नेलं, घरोघरी चित्रं, लाकडी मुखवटे, रस्त्याच्या कडेला पानाच्या द्रोणात फुलं, भात, एका द्रोणात तर सिगारेट. देवाची आवड, आपण काय बोलणार. चित्रं अशी की पान, पान, पान, मध्ये बोट ठेवायला जागा सोडलेली नाही. आणि एका ओसरीवर एक म्हातारा बसला होता. देवळात जायचं तर तिथल्या पुरुषांना डोक्याला फडकं बांधावं लागतं, ते तो बांधत होता. मी उभाच राहिलो. एक घडी, एक गाठ, पुढे कपाळावर. मनात म्हटलं, एवढंच? पण हात, तुम्हाला सांगतो, हात बघण्यासारखे होते. गाठ मारत नव्हता, गाठ आपोआप पडत होती. त्याने माझ्या पगडीकडे पाहिलं. बोटाने पिळाकडे दाखवलं, कसा? मी पगडी उतरवून त्याच्या हातात दिली. दिल्लीत जी मशीनला द्यायला मला जड गेली, ती. त्याने दोन्ही हातांत धरली, उलटी केली, आतून पाहिलं. काम कळणारा माणूस आतून बघतो. त्याच्या शेजारी त्याचा मुलगा बसला होता, बापाने हात पुढे केला की फडकं ठेवत होता.

मागून राघव म्हणाला, "आबा, मला असं बसायचंय."

मी म्हटलं, बस, ओसरी मोठी आहे.

"इथे नाही. तुमच्या बाजूला. दुकान पे. सीखना है मुझे, आबा." आणि मग जो बोलत सुटला. सहा महिन्यांपासून गरिमाच्या ओढण्यांवर पीळ घालून बघतोय. कंपनीला नोटीस दिलीये, महिनाभराची. समोर काच लावायची, आत मी बांधतोय ते रस्त्यावरून दिसलं पाहिजे, लग्नाचं गिऱ्हाईक बघूनच आत येईल. "सरप्राइज होतं तुम्हाला, म्हणून चोरून नाप घ्यायला लावलं."

मी विचारलं, मग हे घरी नाही सांगता आलं? बाली कशाला?

तर म्हणतो, "घरी तुम्ही ऐकूनच घेत नाही. उठून जाता. म्हटलं, बेटावर जाऊ. चारी बाजूंनी पाणी आहे, कुठे जाल?"

बरोबर आहे. कुठे जाणार? मी त्या ओसरीच्या पायरीवर खाली बसलो. दुर्गाला वाटलं ऊन लागलं. पाणी आणलं तिने. मी पाणी प्यायलो, आणि मग सांगितलं. सगळं. ती काळी वाळू, कुलूप, जबान. गरिमा म्हणाली, "फ़ोन तो मैंने ही लगाया था..." आणि रडायला लागली. ड्रायव्हर वायान कधी तिच्याकडे बघतो, कधी माझ्याकडे. म्हाताऱ्याने माझी पगडी मला परत दिली. त्याला काही कळलं नसावं, पण दिली मात्र हळूच.

घरी आलो. तीन दिवसांत दौलतसिंहने मधल्या भिंतीत दार पाडलं होतं. इतकी घाई तर मोबाइलवाल्यानेही केली नसती. माझे पगडीचे लाकडी साचे एका खोक्यात नीट भरून ठेवलेले, आणि वर हार घातलेला. जणू मी गेलो. "आइए दादासाहेब, अपनी ही दुकान समझो."

राघव भांडायला निघाला होता. मी हात धरला. शब्द मी दिलाय. दुर्गा म्हणते, "तोंडाने दिलंत ना? मग तोंडानेच परत मागा." तिला काय जातंय बोलायला. राघवची नोटीस संपायला नऊ दिवस राहिलेत. रात्री जेवणाच्या टेबलावर मी त्याला शिकवतो. हात बरा आहे त्याचा. सांगितलं नाही मी त्याला, पण बरा आहे.

रोज सकाळी ठरवून जातो, आज मागायचं. पायरी चढतो. दौलतसिंह उठून उभा राहतो, "बोलो दादासाहेब." मी म्हणतो, दौलतसिंह, ते दुकान... "हाँ, दुकान?" ...झाडत जा रोज, म्हणतो. आणि नुसतं कसं निघायचं, तर टिकल्यांचं एक पाकीट घेतो. लाल. दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो, पुन्हा लाल. काल दुर्गाने माझा खण उघडला. बारा पाकिटं निघाली. ती टिकली लावत नाही, पहिल्यापासून कुंकूच. पाकिटं पलंगावर ओळीने मांडली आणि मला विचारते, "ही कुणासाठी?"

आता तुम्ही सांगा, काय सांगायचं? मागायला गेलो होतो आणि मागता आलं नाही, हे? सत्तरीत?

उद्या ती माझ्यासोबत बाजारात येणार आहे. म्हणते, मला बघायचंय ती कोण आहे. मी म्हटलं, चल. निदान तू तरी तिथे तोंड उघडशील.