लाईट धरणारीचा फोटो

आमचं मूळ गाव लोणी काळभोर. तिथनं मी हडपसरला आलो तो शेतातल्या कामाला कंटाळून, पण घरी सांगितलं की फोटोग्राफीचं शास्त्र शिकायला चाललोय. शास्त्र कसलं हो, एका स्टुडिओत फरशी पुसायचो. पण मालक चांगला होता, त्यानं एकदा मला डार्करूममध्ये नेलं, लाल दिव्यात कोरा कागद औषधात बुडवला आणि त्यावर हळूहळू एक बाई उगवली. मी घाबरलो. तो म्हणाला, फिल्मला चांदी लावलेली असती, उजेड पडला की ती काळी होती, एवढंच हाय सगळं, बाकी नखरे. एवढ्या एका वाक्यावर स्वतःचं दुकान काढणारा हडपसरात मीच असेन.

माझ्या लग्नात मी बाशिंग बांधून स्वतः कॅमेऱ्यात रोल भरला, दुसऱ्यावर विश्वास नाही ना, आणि कॅमेरा मित्राच्या हातात दिला. तो दिवसभर खटाखट काढतोय आणि मी मांडवातनं ओरडतोय, डावीकडनं घे, खाली बसून घे, भटजी म्हणाले अहो नवरदेव, इकडं पण बघा जरा. दुसऱ्या दिवशी कॅमेरा उघडला तर रोलचं टोक चाकात अडकलंच नव्हतं. आकडा पुढं सरकत गेला, रोल जागच्या जागी. एकही फोटो नाही. शकू, म्हणजे आमची मंडळी, पुढं जन्मभर सांगायची की आमच्या लग्नाचा पुरावा म्हणजे महेश, आमचा मुलगा. माझ्यासमोर सांगायची, गिऱ्हाईक बसलेलं असताना.

माणूस ठेवायची ऐपत नव्हती, म्हणून लग्नाच्या ऑर्डरला लाईट तीच धरायची. हॅलोजनचा मोठा लाईट, गरम व्हायचा, पदर हाताला गुंडाळून धरायची. लोक हसले सुरुवातीला. पण हळदीला बायकांच्या खोलीत पुरुष फोटोवाल्याला कोण घेतंय, आम्हाला घ्यायचे, शकू असायची ना. माझ्या कलेमुळं ऑर्डरी येतात असं मी समजायचो, ते सोडा.

तिचे फोटो नव्हते असं नाही. काळ्यापांढऱ्याच्या काळात रोलच्या शेवटाला एखादा फोटो उरायचा, रोल तर संपवायचा असायचा, मग दारात भांडी घासत असेल, केस विंचरत असेल, काढायचो. ती म्हणायची, उरलंसुरलं माझ्या वाट्याला. पण धुतली निगेटिव्ह की गिऱ्हाइकाचे प्रिंट काढायचे, तिचे राहायचे. कागद महाग. काढू की, निगेटिव्ह कुठं पळतीय, असं म्हणायचो. पुढं रंगीत रोल आले, ते महाग, धुवायला बाहेर लॅबला जायचे, मग शेवटचा फोटोही गिऱ्हाइकाचाच काढायचो.

मग कंपन्या आल्या, आजूबाजूची शेतं गेली, लोकांच्या हातात पैसा आला, लग्नं लॉनवर व्हायला लागली. महेश कॉम्प्युटर शिकला, खराडीला कंपनीत लागला, म्हणाला अण्णा, आता रोल विसरा. डिजिटल कॅमेरा घेतला. त्याच सुमाराला एक जण दुकानात आला, जुन्या काळ्यापांढऱ्या निगेटिव्ह घेतो म्हणाला, त्यातनं चांदी काढतात. मालकाचं शास्त्र मला तेवढंच आठवलं बघा, चांदी. फळीवरची निगेटिव्हची सगळी पोती दिली. जागा मोकळी झाली म्हणून शकूनंच फळीवर लोणच्याच्या बरण्या मांडल्या, आणि मी मोठ्या तोऱ्यात तिला नवी जोडवी आणली. आपण काय विकलं हे त्या दिवशी दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

नव्या कॅमेऱ्याचा पहिलाच सीझन होता. म्हटलं चल, आता कागद लागत नाही, आधी तुझाच काढतो. ती म्हणाली, अहो, मी तिकडं उभी राहिले तर लाईट कोण धरणार, सीझन संपू द्या. सीझन संपायच्या आत गेली. साध्या तापाचं निमित्त.

दहाव्याला फोटो लागतो. घरात फोटो नाही. फोटोवाल्याच्या घरात. मतदानाचं कार्ड होतं, त्यावर ती चोरी करताना सापडल्यासारखी दिसत होती. महेशनं ते कॉम्प्युटरवर घेतलं, उजळ केलं, रंग भरला. हनुवटीवरचा तीळ यंत्राला डाग वाटला असेल, तो गेला. माझी मेहुणी म्हणाली, छान आहे, पण ही बाई कोण?

मग मी दारोदार फिरलो. ज्यांची ज्यांची लग्नं काढली त्यांच्याकडं, जरा अल्बम दाखवता का. लोक चहा द्यायचे, अल्बम द्यायचे, आपले म्हातारे दाखवायचे, हे गेले, ह्या गेल्या. सगळे नीट दिसत होते. का दिसणार नाहीत, लाईट चांगला धरलेला होता. शेवटी मांजरी गावात एका घरी सापडली. रुखवतात आरशाचं लोखंडी कपाट होतं, त्या आरशात मी, डोळा मिटून कॅमेरा लावलेला, आणि माझ्याशेजारी तिची साडी, तिच्या बांगड्या, आणि तोंडाच्या जागी लाईट. नुसता पांढरा. हात जरा खाली असता तर.

महेशनं खूप खटपट केली. म्हणाला, अण्णा, इथं काहीच उतरलेलं नाही हो, उजेडानं सगळं खाल्लंय. मला कळत नाही का, माझा धंदा आहे तो. तोच फोटो फ्रेम करून लावलाय, हार घालतो. येणारा विचारतो, कशाचा फोटो आहे.

आता दुकानात झेरॉक्स आहे, पासपोर्ट फोटो आहे, चाललंय बरं, मुलगा सून चांगली आहेत, तुमच्यासारखे बसतात येऊन, देव तुम्हालाही सुखात ठेवो. फक्त एक होतं अधनंमधनं. महेशच्या कॉम्प्युटरवर काही नवं आलं की मी विचारतो, आता दिसेल का? जरा अंधार करून बघ ना. आधी तो मला समजावून सांगायचा. आता सांगत नाही. शेजारी खुर्ची ओढतो, फोटो उघडतो आणि अंधार करत जातो. साडी काळी होते, बांगड्या काळ्या होतात. मी म्हणतो, अजून थोडा. तो करतो.