मित्सुएच्या शेजारच्या सीटवर

नाही, म्हणजे ब्रेक दाब म्हटलं तरी मी चुकलो, दाबू नको म्हटलं तरी मीच चुकलो, मग शेजारी बसवलेल्या माणसाला देवानं तोंड दिलंय ते काय नुसता रस्सा भुरकायला? तुम्हाला सांगतो, तीस हिवाळे मी या गावच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकललाय. नगरपालिकेचा पिवळा ट्रक, पुढं हे एवढं पोलादी पातं, अख्खं होक्काइदो पांघरुणात गुरगुटलेलं असायचं आणि हा त्सुनेओ सेगावा रस्ता मोकळा करत निघालेला असायचा. आणि त्या सेगावाला भर तळ्यावर, हातातल्या कर्ण्यातून, साऱ्या गावादेखत ऐकवतात काय, तर "सेगावा, तोंड मिटा." मी काही बोललो नाही. आपला तो स्वभावच नाही.

आता तळं कुठलं, कर्णा कुणाचा, ते सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा मधूनच सुरू झाला. झालं असं, की कांदा काढायच्या दिवसांत मला डोक्यात एक छोटासा झटका आला. छोटासा हे डॉक्टरांचं मत, डोकं माझं होतं. हातपाय शाबूत, बोलणं शाबूत (बोलणं जरा जास्तच शाबूत राहिलं, असं आमच्या मित्सुएचं म्हणणं), फक्त डावीकडचं दिसेनासं झालं. जेवायला बसलो की मी विचारायचो, "आज लोणचं नाही का?" आणि मित्सुए काही न बोलता डावीकडची वाटी उचलून उजवीकडे ठेवायची. डॉक्टर म्हणाले, "गाडी बंद." मी म्हटलं, "बंद म्हणजे किती दिवस?" ते म्हणाले, "बंद म्हणजे बंद." परवाना पोलिसांकडे परत करून आलो. मी काही बोललो नाही. घरी आल्यावर मात्र गाडी पुसत बसलो. दोन वेळा पुसली.

आता तुम्हीच सांगा, आमच्या गावात गाडीवाचून माणूस जगणार कसा? बस बंद पडून जमाना झाला. टॅक्सी एकच, आणि तिचा ड्रायव्हर माझ्यापेक्षा थोरला, त्याला कुठल्या बाजूचं किती दिसतं हे विचारायची हिंमत कुणाला नाही. आणि मला दर महिन्याला घाट ओलांडून कितामीच्या इस्पितळात जायचं. लेक साप्पोरोहून फोन करायची, "बाबा, आता पुरे. इकडे या. सातव्या मजल्यावर घर बघून ठेवलंय, खाली लगेच दवाखाना." सातवा मजला! तिथं मित्सुए तिचे मुळे कुठं पुरणार, बाल्कनीत? बर्फाखाली पुरलेल्या मुळ्याला जी गोडी येते, ती काय लिफ्टमध्ये येते? पण दुसरा इलाज दिसेना. मित्सुएनं सामानाची खोकीसुद्धा आणली. आणली, आणि भिंतीशी रचून त्यांच्याकडे बघत बसली. आणि एका सकाळी चहा ओतता ओतता म्हणाली, "मी चालवते."

मी म्हटलं, "काय चालवतेस?"

"गाडी. परवाना आहे माझ्याकडे."

तर आहे की. सोनेरी आहे! आमच्याकडे काय आहे, वर्षानुवर्षं एकही गुन्हा केला नाही की परवान्यावर सोनेरी पट्टी मिळते. मी जन्मभर गाडी चालवली, मला कधी मिळाली नाही, एकदा सिग्नल तोडला, एकदा वेग. आणि ही बाई, बाविसाव्या वर्षी परवाना काढून जी खुर्चीवर बसली ती बसली, स्टिअरिंगला हात म्हणून लावला नाही, तिला सोनेरी पट्टी! गाडीच चालवायची नाही म्हटल्यावर गुन्हा घडणार कुठून? मी काही बोललो नाही. एवढंच म्हटलं, "अगं, बर्फ आहे बाहेर." तर म्हणाली, "म्हणूनच नुमातांना फोन केलाय."

नुमाता! साऱ्या गावात तिला हाच सापडला. कांद्याचा शेतकरी, तरुणपणी बर्फावरच्या गाड्यांच्या शर्यतींत बक्षिसं मारलेला, आणि दर हिवाळ्यात गावामागचं तळं पक्कं गोठलं की त्यावर पाणी मारून, काचेसारखा ट्रॅक करून, लोकांना गाडीसकट घसरायला शिकवणारा. आणि याच्या फाटकाशी माझं तीस वर्षांचं भांडण. म्हणजे भांडण कसलं, ट्रकनं ढकललेला बर्फ कुठंतरी पडणारच ना? तो याच्या फाटकासमोर पडायचा. रोज. हा फावडं घेऊन बाहेर यायचा, मी वरून हात हलवायचो. असा सगळा स्नेह.

तर रविवारी आम्ही तळ्यावर. लोकरीची टोपी, पाठीला शेक देणाऱ्या गरम पुड्या चिकटवलेल्या, आणि मित्सुए स्टिअरिंगला असं धरून बसलेली जसं काही ते कुणी हिसकावून नेणार आहे. नुमाता खिडकीशी आला, म्हणाला, "वहिनी, घाबरू नका." मी म्हटलं, "घाबरायचं कशाला, गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह आहे. चारही चाकं ओढतात." तर तो कसा म्हणाला माहितीये, हळू, गोड आवाजात, "हो ना सेगावा. निघताना चारही ओढतात. थांबताना मात्र सगळ्यांच्याच गाड्यांना चार चाकं असतात."

मी काही बोललो नाही. बरोबरच होतं त्याचं.

निघालो. सरळ गेलो, छान गेलो, पहिलं वळण आलं आणि मी म्हटलं, "ब्रेक." तिनं दाबला. आणि तुम्हाला सांगतो, तळं फिरलं. तळं, डोंगर, नुमाता, काठावरचा रश्श्याचा तंबू, पुन्हा तळं, पुन्हा नुमाता... आणि धप्प, बर्फाच्या बांधात मागून शिरलो. ओढून काढलं. पुन्हा निघालो. मी म्हटलं, "आता ब्रेक नको, स्टिअरिंग उलटं फिरव, अगं उलटं, म्हणजे त्या बाजूला नाही, उलट्याच्या उलटं, पाय काढ, पाय कशाला काढलास!" धप्प. आता पुढून. तुम्हाला खरं सांगू? हे सगळं माझ्या हातापायांना येतं हो. ते शब्दांत येत नाही. शब्दांत यायला लागलं की नुसता आरडाओरडा होतो. आणि डावीकडचा बांध मला दिसतच नव्हता, तो आदळला की कळायचा, म्हणून मी अंदाजानंच ओरडत होतो. अख्ख्या रांगेतल्या गाड्या थांबून आमच्याकडे बघतायत, आणि तेव्हा कर्ण्यातून तो आवाज आला. "सेगावा, तोंड मिटा."

नुमाता चालत आला. मला वाटलं आता तीस वर्षांच्या फाटकाचा हिशेब चुकता करणार. त्यानं खिशातून वाळवलेल्या माकुलाची, म्हणजे स्क्विडची, एक लांबलचक पट्टी काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "हे चघळा. संपेपर्यंत बोलायचं नाही." मग वाकून मित्सुएला म्हणाला, "वहिनी, घसरली की बांधाकडे बघू नका. गाडी नजरेमागून जाते. जिथं जायचंय तिकडे बघा, पाय हलका ठेवा, बाकी ती करते."

वाळवलेलं माकूल खाल्लंय कधी? जोडा चघळल्यासारखं. तोंड उघडायची सोय नाही. मित्सुए निघाली. वळण आलं, मागचा भाग सुटला, माझ्या घशात माकूल आणि जीव दोन्ही अडकले, आणि ही बाई, मान वळवून, शांतपणे, लांब वळणाच्या पलीकडं बघतेय. स्टिअरिंग जरासं. पाय जरासा. गाडी आडवी, आडवी, आडवी... आणि सरळ. दुसरं वळण, तसंच. डावीकडं माझ्या लेखी काहीच नव्हतं, नुसतं पांढरं, आणि ती म्हणाली, "डावीकडचं मी बघते."

मी चघळत होतो.

मग पुढं बघतच म्हणाली, "तुमचा ट्रक पहाटे निघाला की मी भांडी घासायचे. घासलेलीच पुन्हा. तो परत वळून आपल्या फाटकाशी येईपर्यंत. तीस हिवाळे मी घरी बसून भ्याले. आता तुम्ही शेजारी बसून भ्या."

तीस हिवाळे. मला वाटायचं ही झोपलेली असते. घरी परतायचो, चहा तयार असायचा, मी म्हणायचो, "आज थंडी आहे," ती म्हणायची, "असेल." आणि मी सोनेरी पट्टीवरून हिची टिंगल करत होतो. माकूल केव्हाच संपलं होतं, पण मी तोंड हलवत राहिलो. डोळ्यांत पाणी आलं होतं, वाऱ्याचं नव्हे, काचा बंद होत्या.

तिथून उतरल्यावर नुमातानं मला डुकराच्या मटणाचा रस्सा दिला, वाडगा भरून. मी म्हटलं, "नुमाता, ते तुमच्या फाटकाचं..." तो म्हणाला, "प्या आधी, निवेल."

मग आलं फेब्रुवारीतलं इस्पितळ. घाटात उतारावर पुढचा ट्रक अचानक आडवा झाला, आमची गाडी घसरायला लागली, माझे दोन्ही पाय माझ्या बाजूला नसलेला ब्रेक दाबतायत. मित्सुएनं ट्रककडे बघितलंच नाही. ट्रक आणि कठडा यांच्यामधल्या पांढऱ्या फटीकडे बघितलं, आणि आम्ही त्या फटीतून, अलगद, जसं सरकत्या दारातून आत जावं तसे निघून गेलो. पुढं जाऊन तिनं गाडी कडेला घेतली, पण स्टिअरिंगवरचे हात काही सुटेनात तिचे. मी ते दोन्ही हात धरून बसलो. तुमची शप्पथ, त्या वेळी मी खरंच काही बोललो नाही.

ती खोकी जाळली. साप्पोरोच्या लेकीला सांगितलं, तुझी आई चालवते. ती म्हणाली, "कोण चालवते?"

आता देवाची, डॉक्टरांची, नुमाताची, सगळ्यांची कृपा, मित्सुए गावभर चालवते. गुरुवारी गरम पाण्याच्या झऱ्यावर शेजारच्या तीन म्हाताऱ्यांना घेऊन जाते, मलाही नेते. फक्त काय आहे, ओकिताबाईंना गाडी लागते म्हणून पुढची सीट त्यांची, उरलेल्या दोघींना खिडकी हवी, त्यामुळे मी मागे, मधोमध, गुडघे छातीशी घेऊन. हीटरची हवा तिथपर्यंत येत नाही म्हणा. पण दोन्ही बाजूंनी ऊब असते... आणि बोलायचं म्हटलं तर, तुम्हाला सांगतो, त्या चौघींमध्ये पाळी येतेय कुणाची.