छतावरचं धूळ मोजायचं यंत्र

हुशारी अंगाशी कशी येते, ते चहा घेता घेता ऐका. मुर्री गावाच्या रस्त्यावर माझी राईस मिल. धुळीनं लोकांची छाती कशी बिघडते हे तपासायला सर्वेवाल्यांनी एका साली माझ्या छतावर यंत्र बसवलं. ते हवा ओढायचं, आणि आतल्या पांढऱ्या कागदावर धूळ जमायची. आठवड्यातून ठरलेले दोन दिवस त्यांचा माणूस, मेश्राम, यायचे, सकाळी कागद लावायचे, संध्याकाळी काढून न्यायचे.

कागद काळा निघाला तर मिलवर बालंट येईल, म्हणून त्या दोन दिवशी मी मिल बंद ठेवायचो आणि अंगणात पाणी मारायचो.

बायको जाऊन वर्ष झालं होतं, मुलं पुण्यात. मेश्राम फॉर्म काढून विचारायचे, "सेठजी, खोकला कसा हाय? जिना चढताना दम लागते का?" एवढं विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. मी उत्तरं लांबवायचो, चहा पुन्हा ठेवायचो.

एके दिवशी ते पाना घेऊन आले आणि यंत्राचे नट खोलू लागले.

"हे काय जी?"

"खुशखबर, सेठजी! तुमची हवा एकदम साफ निघाली. मशीन दुसरीकडे नेऊन राहिलो."

"अन् तुम्ही?"

"मी आता कायले येऊ?"

मी त्यांचा हात धरला. "थांबा जी, सारं खोटं हाय. तुम्ही येता त्या दिवशी मी मिल बंद ठेवतो. आता चालू करतो, पुन्हा मोजा."