भिंतीपलीकडचं म्हातारं

...आणि वर मलाच म्हणतात, "काकू, तुम्ही भिंतीला कान लावता!" आता तुम्हीच सांगा, मी कशाला लावू? कपाट त्या भिंतीला, कपाटात टॉवेल, टॉवेल काढायला वाकलं की कान आपोआप तिथं जातो, त्याला मी काय करू? कान काढून खुंटीला अडकवू? मला काय करायचंय म्हणा, दुसऱ्याच्या घरात काय चाललंय त्याचं! पण टॉवेल तर लागतो ना माणसाला?

तर तुम्हाला सांगते, शेजारी तरुण नवराबायको. तो घरांचे नकाशे काढतो, म्हणजे कॉम्प्युटरवर अख्खं घर उभं करून गरागरा फिरवतो, आणि ती व्हिडिओ कापते नि जोडते. दोघांचं ऑफिस घरातच. शिवाय तिचे सासरे. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली म्हणून सगळे त्यांना घड्याळजीच म्हणतात. तापट, विसराळू, रात्रभर दिवा चालू, आणि घोरणं असं की भिंतीअलीकडे आमच्या बशा वाजतात. पण मनाचे अगदी चांगले हो!

त्या दिवशी दुपारी मी टॉवेल काढत होते (बरेच होते त्या दिवशी), आणि पलीकडून सून म्हणते कशी, "तुझं ते म्हातारं काढ बाबा आता तिथून! किती तापतं! आवाज किती! वीज किती खातं!"

मी गारच पडले. म्हातारं! सासऱ्याला 'ते'! बरं, पोरगा तरी बापाची बाजू घेईल की नाही? तर तो म्हणतो, "जुनं असलं तरी क्लॉक बघ ना त्याचं!" आता घड्याळजीचं क्लॉक नाही बघायचं तर कुणाचं बघायचं? तर ही म्हणते, "क्लॉकला काय चाटायचंय? मेमरी कुठाय? अर्ध्यातच अडकून बसतं! माझं बघ, तेही जुनंच, माहेराहून आणलेलं, पण कसं थंड, गप बसतं!" अगं बाई, म्हणजे हिचा बाप! बापांची तुलना चालली होती हो, बापांची! तेवढ्यात ती ओरडली, "तुझ्याला दोन जीबी, माझ्याला चार!" मला ऐकू आलं जिभा. चार जिभा, आणि म्हणे गप बसतं!

आणि मग पोरगा, सख्खा मुलगा हो, काय म्हणाला? "बरं, जागा एकालाच आहे. एक ठेवू, एक विकू." ती म्हणते, "तुझं कोण घेणार?" तो म्हणतो, "भंगारवाला तरी घेईल की!"

हातातला टॉवेल मी तिथंच टाकला. मला काय करायचंय म्हणा... पण जीव राहतो का? होते तशी धावत बाहेर. घड्याळजी नेहमीसारखे जिन्यापाशी खुर्चीत डुलक्या काढत होते. त्यांना हलवून जागं केलं नि सगळं सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, "क्लॉक म्हणाला?" म्हटलं, हो. "मेमरीचं पण निघालं?" म्हटलं, हो हो! मग त्यांनी चष्मा काढला नि पुसत बसले. मला वाटलं धक्का बसला बिचाऱ्यांना. माझ्या तोंडातून निघून गेलं, "आमची मागची खोली मोकळीच आहे, हवे तितके दिवस राहा!"

"हवे तितके?"

"हवे तितके!"

बोलून गेले हो! मी चहाचं आधण ठेवतेय तोवर माणूस पिशवी हातात, उशी काखेत, दारात हजर!

संध्याकाळी दोघं शोधत आली. मी जी सुरू झाले... लाज नाही वाटत, जन्मदात्याला भंगारात घालता, जिभा मोजता! आणि ती दोघं? हसून हसून लोळायची बाकी राहिली! पोरगा घरी पळाला आणि टॉवेलात (त्यांच्याकडेही टॉवेल आहेत बरं का!) गुंडाळून दोन चपटे डबे घेऊन आला. "काकू, हे ग्राफिक्स कार्ड. पडद्यावर चित्र हलतं ते याच्या जोरावर; क्लॉक म्हणजे याचा वेग, जीबी म्हणजे याची मेमरी. हे माझं, ते हिचं. हिचा कॉम्प्युटर माळ्यावर पडलाय, ठेवायला जागाच नाही. एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीनं काम करतो, आणि त्यात कार्ड एकच बसतं. आता तुम्हीच सांगा, कुठलं ठेवू?"

मी सांगू? मला मिक्सरचं बटण सापडत नाही! तरी शेजारधर्म म्हणून विचारलं, पंखे किती? तो म्हणाला, माझ्याला दोन, हिच्याला एक. म्हटलं, मग दोनवालं बरं. लगेच सून, "काकू, दोन पंखे असून भट्टी होते त्याची!" म्हटलं, मग एकवालं बरं. लगेच पोरगा, "अहो, पण घर फिरवायला घेतलं की हिचं धापा टाकतं, खिडकी एकीकडे नि भिंत दुसरीकडे!" म्हटलं, मग दोनवालं. "माझा व्हिडिओ मावत नाही त्याच्या दोन जीबीत! काम गेलं माझं तर?" तिचा आवाज कापरा, त्याचं तोंड उतरलेलं... मी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी पेपर आणखी वर धरला.

आणि सोफ्यावरून घड्याळजी शांतपणे म्हणाले, "भांडता कशाला? माझी खाट काढा, जागा झाली. दुसरा कॉम्प्युटर तिथं ठेवा. मी बरा आहे इथं."

पोरं बिचारी नको नको म्हणाली हो. पण घड्याळजी उठतील तर ना! ती गेल्यावर मला हळूच म्हणतात, "वहिनी, तो कॉम्प्युटरचा डबा माझ्या उशाशी होता. आत दिवसभर घूं घूं, म्हणून दुपारी जिन्यात येऊन झोपायचो. पोरांचं काम त्याच्यावर, हलवा म्हणू कसं?"

"म्हणजे ते कार्डाचं बोलणं तुम्हाला माहीत होतं?"

"तुम्ही मेमरी म्हणालात तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही 'हवे तितके' म्हणालात की!"

घ्या! आता दिवा आमचा, बशा आमच्या, घोरणं भिंतीच्या अलीकडे! तेही चालेल हो, माणसाला झोप लागते, जाऊ दे. पण पलीकडे आता दोन-दोन कॉम्प्युटर, दोन्ही कार्डं, नि तीन पंखे, तेही नेमके माझ्या कपाटामागे! काल सून काहीतरी कुजबुजली, पोरगा म्हणाला, "इतक्यात काकूंना सांगू नकोस," आणि तेवढ्यात... घूंऽऽऽ! पुढचं अक्षर म्हणून ऐकू आलं नाही! मला काय करायचंय म्हणा... पण आता टॉवेल तरी कशाला काढायचे, सांगा!